'आपण' काढा, 'मी' घाला: स्वतःबद्दल लिहिताना वाटणाऱ्या भीतीविषयी

नमस्कार. मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणून गेले की मी स्वतःबद्दल उघडपणे लिहिते. तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, ओळखीच्या कुणी वाचलं तर?" "लिहून झालंय, टाकायचा धीर होत नाही." आणि एकांनी लिहिलंय, "तीन वर्षं ड्राफ्टमध्ये पडून आहे." तीन वर्षं! त्या कमेंटसाठी आज मी बसलेय.

सोप्या गोष्टी आधी उरकते. तुमच्या गोष्टीत दुसऱ्याचं गुपित येत असेल तर त्याला विचारा, नाहीतर तेवढं गाळा. लिहिल्यामुळे नोकरी जाईल किंवा कुणी अंगावर धावून येईल अशी परिस्थिती असेल तर तुमची भीती अगदी रास्त आहे. टोपणनावाने लिहा, त्यात कसलाही कमीपणा नाही. रात्री लिहिलेलं सकाळी वाचल्याशिवाय टाकू नका. झालं.

आता जिथे सगळे अडतात तिथे येऊ. मीही तिथेच अडले होते.

काही वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. घरी सांगितलं नाही. चार महिने रोज सकाळी ठरल्या वेळी बाहेर पडायचे आणि वाचनालयात जाऊन बसायचे. लॅपटॉप कंपनीला परत केला होता, त्यामुळे बॅग रिकामी. ती हलकी दिसू नये म्हणून मी त्यात दोन जाडजूड पुस्तकं भरायचे.

हे लिहायला बसले तेव्हा माझं पहिलं वाक्य काय होतं? हे बघा, वहीत अजून आहे. (वही कॅमेऱ्यासमोर धरत) "आयुष्यात कधीकधी असे टप्पे येतात की आपण जवळच्या माणसांपासूनही काही गोष्टी लपवतो."

कोण लपवतं? आपण. कधी? कधीकधी. काय? काही गोष्टी. या वाक्यात मी कुठे आहे? हे वाक्य कुणीही लिहू शकतं, म्हणूनच ते लिहिताना मला भीती वाटली नाही.

ते खोडलं आणि लिहिलं, "माझ्याकडून घरी सांगायचं राहून गेलं." यात निदान 'माझ्या' तरी आलं. पण आपली भाषा आपल्याला फार सांभाळून घेते. चूक 'होते', तोंडून शब्द 'निघून जातो', सांगायचं 'राहून जातं'. करणारं माणूस वाक्यातून अलगद नाहीसं होतं. या 'माझ्याकडून'चा मला मनापासून राग येतो, कारण मी स्वतः कित्येक वर्षं त्याच्या आड बसले होते.

तिसरं वाक्य: "मी चार महिने घरी खोटं बोलले." सहा शब्द. हे लिहिताना हात थांबला, छातीत धडधडायला लागलं. तेव्हा कळलं की भीतीची जागा ही आहे.

एका ताईंनी मागे कमेंट केली होती की 'आपण' लिहिलं की वाचणाऱ्याला आपलंसं वाटतं. त्यावर मी खूप विचार केला. मला नाही पटत. 'आपण' वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. 'मी खोटं बोलले' वाचलं की तो थांबतो, कारण त्याला त्याचं स्वतःचं खोटं आठवतं. जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये याच्या जवळचंच काहीतरी दाखवलं: कबुली स्वतःची असली की आपल्याला ती दुबळेपणा वाटते, तीच दुसऱ्याने दिली की धाडस वाटतं.

आता हेच भीतीच्या बाजूने बघा. 'लोक काय म्हणतील' यातले 'लोक' म्हणजेसुद्धा एक प्रकारचा 'आपण'च! लोक म्हणजे कोण? नाव लिहा. मी कागद घेऊन बसले, वाटलं वीसएक नावं निघतील. निघालं एक. दादा. बाकी सगळी गर्दी मीच उभी केली होती.

आणि ती गर्दी तितकं बघतही नसते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग आहे, 2000 साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, गायक बॅरी मॅनिलो यांचा चेहरा छापलेला टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या एका खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी तरी चेहरा ओळखला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ओळखला होता.

पण म्हणून "लोकांचा विचारच करू नका" असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझं लिहिलेलं वाचून जवळच्याच एका व्यक्तीने सुनावलं, "घरातलं बाहेर कशाला?" दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. लागतं मनाला. ते सोसायची तयारी असेल तरच टाका.

तेवढी तयारी नसेल तर कुणासाठीच नाही असं लिहा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण कितीतरी जण पहिल्या दिवशी रडू आलं की वही मिटतात आणि 'मला जमत नाही' म्हणतात. जमतंय हो तुम्हाला! दुसऱ्या दिवशी परत बसा.

आणि बसलात की वस्तू लिहा. ही त्याच 'आपण'ची तिसरी बाजू. "फार कठीण काळ होता" यात कुणीही लपू शकतं. बॅगेतल्या दोन पुस्तकांमागे मला लपता येत नाही, तिथे मीच सापडते.

दादाने पोस्ट वाचली आणि दोन दिवस काहीच बोलला नाही. ते दोन दिवस मी सारखा फोन बघत होते. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ओरडेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, "बॅगेत कुठली पुस्तकं भरायचीस ग?" मी सांगितलं, एक शब्दकोश आणि एक तुझंच, अकाउंटन्सीचं, कपाटातून न विचारता घेतलेलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "एवढं वजन रोज उचलत होतीस."

तर तीन वर्षं ड्राफ्ट सांभाळणाऱ्या दादांनो, आज तो उघडा. जिथे जिथे 'आपण' आहे तिथे 'मी' घाला आणि एकटेच मोठ्याने वाचा. टाकायचं की नाही ते उद्या सकाळी ठरवा. वाचताना कुठल्या वाक्याला आवाज अडकला, तेवढं मात्र मला खाली लिहून कळवा.