आधी बूड, मग नक्षी : जपानी इमारी वाडगा कसा पारखावा

मंडळी, इमारी वाडगा समोर आला की नजर आपसूक आतल्या नक्षीवर जाते. शाईसारखा गडद निळा, विटकरी लाल आणि त्यावर सोनं. पण पारख करायची असेल तर वाडगा आधी पालथा घाला. नक्षीची नक्कल सहज करता येते. बुडाची नक्कल करायला मात्र फार कष्ट पडतात, आणि नकला करणारे तेवढे कष्ट सहसा घेत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ही भांडी घडली क्यूशू बेटावरच्या आरिता गावात. जवळच्या इमारी बंदरातून ती जहाजांवर चढत, म्हणून बंदराचं नाव त्यांना चिकटलं. पोर्सेलिनसाठी, म्हणजे चिनी मातीसाठी, लागणारा दगड आरिताजवळ इझुमियामा इथे १६१६च्या सुमारास सापडला. त्याचं श्रेय परंपरेने यी साम-प्यॉंग या कोरियन कुंभाराला दिलं जातं. पुढे चीनमध्ये मिंग घराणं कोसळलं, तिथला माल मिळेनासा झाला आणि डच ईस्ट इंडिया कंपनी आरिताकडे वळली. १६५९पासून मोठ्या मागण्या सुरू झाल्या. निळा-लाल-सोनेरी ही भरगच्च शैली १७व्या शतकाच्या अखेरीस बहरली. जर्मनीतल्या सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे शासक, आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग याने या भांड्यांचा प्रचंड संग्रह केला, तो आजही ड्रेस्डेनमध्ये आहे.

आता वाडगा घडतो कसा ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी पारख त्यावरच उभी आहे. घडवून वाळवलेला वाडगा साधारण ९०० अंशांवर एकदा भाजतात. मग कोबाल्टने निळी नक्षी काढतात, वरून झिलई देतात आणि डोंगरउतारावरच्या चढत्या भट्टीत सुमारे १३०० अंशांवर पक्का भाजतात. म्हणजे निळा रंग झिलईच्या खाली बंद होतो. लाल आणि बाकीचे रंग झिलईच्या वर लावून ते छोट्या भट्टीत ८०० अंशांच्या आसपास भाजतात. सोनं सर्वांत शेवटी, त्याहून कमी आचेवर. त्यामुळे झिजण्याचा क्रम बरोबर उलटा असतो: आधी सोनं जातं, मग लाल विरळ होतो, निळा मात्र जसाच्या तसा राहतो. तीनशे वर्षं जुना म्हणून दाखवलेल्या वाडग्यावर सोनं लखलखीत आणि निळा तेवढा पुसट दिसला, तर तो हातातून खाली ठेवा.

बुडाकडे येऊ. आरिताची माती १३०० अंशांवर मऊ पडते, आणि रुंद वाडग्याचं बूड मध्यभागी खाली बसतं. ते बसू नये म्हणून बुडाच्या गोल कडीच्या आत त्याच मातीचे छोटे सुळके टेकू म्हणून लावत. भाजून झाल्यावर ते ठोकून काढत. त्यांच्या जागी तिळाएवढे खरबरीत ठिपके उरतात, बहुधा तीन ते पाच. मोठ्या आरिता वाडग्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे. चिनी कारागीरही इमारी शैलीचा माल करत, पण त्यांच्या भांड्यांवर हे ठिपके सहसा दिसत नाहीत. चिनी माल पातळ आणि हलका असतो, तर आरिताचा जाड, जड, झिलईत किंचित निळसर-करडी झाक असलेला.

बुडावरच्या अक्षरांवर मात्र विसंबू नका. आरिताचे कारागीर मिंग सम्राटांच्या कारकिर्दीची चिनी चिन्हं सर्रास लिहीत. पंधराव्या शतकातल्या छंगह्वा सम्राटाचं नाव असलेला वाडगा एकोणिसाव्या शतकातला असू शकतो, आणि त्यात फसवणुकीचा हेतू असेलच असंही नाही. ती एक प्रतिष्ठेची रीत होती. रोमन लिपीत ‘निप्पॉन’ असेल तर तो माल साधारण १८९१नंतर अमेरिकेसाठी केलेला, कारण तिथल्या कायद्याने मूळ देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं. १९२१पासून त्याजागी ‘जपान’ असं लिहावं लागलं. पण नाव नाही म्हणून वाडगा त्याआधीचाच, असा उलटा निष्कर्ष काढू नका. इतर देशांना जाणाऱ्या आणि जपानातच विकल्या जाणाऱ्या मालावर हे नाव नसे.

बाजारात आज जे कंगोरेदार काठाचे, आत पाकळ्यांसारखे कप्पे आखलेले वाडगे दिसतात, त्यातले बहुतेक मेइजी किंवा ताइशो काळातले, म्हणजे १८६८ ते १९२६ मधले असतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. घरात ठेवायला ते सुरेख दिसतात, फक्त अठराव्या शतकाची किंमत देऊ नका. ओळखायचं निळ्यावरून. जुना नैसर्गिक कोबाल्ट करडा, ढगाळ, कडांना किंचित पसरलेला असतो. १८७०नंतर युरोपातला शुद्ध कोबाल्ट आला. तो एकसारखा, भडक आणि जांभळ्याकडे झुकणारा असतो. भिंगाखाली निळ्या रेषा तुटक ठिपक्यांच्या दिसल्या किंवा नक्षीचा सांधा जुळलेला नसला, तर ती हाताने काढलेली नाही, छापलेली आहे.

नव्याने चढवलेलं सोनं कसं ओळखायचं? वाडगा तिरक्या उजेडात धरा. जुन्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांनी जातात आणि सोन्यालाही कापत जातात. सोनं ओरखड्याच्या आत उतरलेलं दिसलं, तर ते ओरखड्यानंतर लावलेलं आहे, हे उघड आहे. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर सँडपेपर फिरला आहे.

तडा शोधायला वाडगा तळहातावर ठेवून काठाला नखाने हलकी टिचकी मारा. धड वाडगा खणखणतो, तडकलेला भद्द वाजतो. मग काठावरून बोटाचं टोक सावकाश फिरवा. डागडुजीची जागा झिलईपेक्षा कोमट आणि किंचित मऊ लागते. अंधारात अतिनील टॉर्च टाकलात तर पुष्कळ जुने गोंद आणि वरून लावलेले रंग वेगळे चमकतात, पण काही नवी रसायनं चमकत नाहीत, म्हणून बोटाची तपासणी टाळू नका. भट्टीतली चीर आणि नंतरचा तडा यांत फरक करायला शिका. भट्टीतल्या चिरेच्या कडा झिलईने गोलावलेल्या असतात. नंतरच्या तड्याच्या कडा धारदार, आणि त्यात मळाची तपकिरी रेघ बसलेली असते. पहिल्याने किंमत फारशी घटत नाही, दुसऱ्याने बरीच घटते.

फुटलेला वाडगा सोन्याच्या रेघेने जोडायची किंत्सुगी आता सगळ्यांना माहीत झाली आहे. खऱ्या पद्धतीत उरुशी झाडाचा चीक गव्हाच्या पिठात मळून सांधा जोडतात, खाचा चीक-मातीच्या लगद्याने भरतात, वर काळ्या उरुशीचा थर घासून सपाट करतात आणि शेवटी लाल उरुशीची बारीक रेघ ओढून ती चिकट असतानाच सोन्याची पूड टाकतात. या सगळ्याला महिने लागतात. उरुशी कोरड्या हवेत घट्ट होत नाही. तिला ७० ते ८० टक्के दमटपणा आणि २० ते २५ अंश तापमान लागतं. हातमोज्यांशिवाय ती हाताळू नका. उरुशी आपल्या बिब्ब्याच्या कुळातली आहे, आणि बिब्बा उततो तशीच तीही अंगावर उतते. बाजारातले झटपट संच बहुधा एपॉक्सी गोंदाचे असतात, आणि तो काही वर्षांत पिवळा पडतो. संग्रहाच्या भांड्यावर तो लावूच नका.

घरात मांडताना वाडगा त्याच्या कडीवर बसवा. थाळीच्या स्टँडवर उभा केला की खोलीमुळे त्याचा भार पुढे येतो आणि धक्क्यासरशी तो कोसळतो. कडीखाली तीन ठिकाणी वाटाण्याएवढं म्युझियम वॅक्स (वस्तू जागेवर धरून ठेवणारं चिकट मेण) लावा, आणि उचलताना सरळ न ओढता आधी हलकेच फिरवून सोडवा. स्वयंपाकघराच्या लागून ठेवू नका. फोडणीच्या वाफेचा चिकट थर सोन्यावर बसतो, आणि तो घासताना सोनंच निघतं. धुवायचा तर प्लॅस्टिकच्या टबात तळाशी टॉवेल घालून, कोमट पाण्यात, सौम्य साबणाच्या एका थेंबाने. अंगठ्या-बांगड्या आधी काढा. ब्लीच नको, डिशवॉशर नको. जुनी डागडुजी असेल तर भिजत घालायचंच नाही, ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्यायचं. आणि झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असतं, तेव्हा त्यात लिंबू, चिंच, सोलकढी, लोणचं असं काही आंबट वाढू नका. फुलं ठेवायची तर आत काचेचं वेगळं भांडं बसवा, नाहीतर पाण्याच्या क्षारांची पांढरी रेघ उमटते.

विकत घेण्यापूर्वी अस्सल माल पाहून डोळा तयार करावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत, तिथे वेळ काढून जा. विक्रेत्याकडून बुडाचा, कडीचा तिरक्या उजेडातला आणि पूर्ण काठाचा फोटो मागा. पावतीवर काळ आणि डागडुजी लिहून घ्या. एक कायद्याची बाब: १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार भारतात असलेली शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. ती जपानी असली तरीही. वाडगा शंभर वर्षांच्या आतला वाटत असेल, तर परदेशातल्या मुलाबाळांकडे पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. त्यासाठीही हेच बुडाचे फोटो आणि तीच पावती कामाला येतात.