कुरकुरतं हाड : जपानी आणि आफ्रिकान्स

[नागासाकी, वरून. इमारतींच्या मधोमध पंख्याच्या आकाराची जमीन.]

हे देजिमा. आज याच्या चारही बाजूंना शहर आहे, पण १६३६ साली समुद्रात भराव घालून बांधलं तेव्हा हे बेट होतं, किनाऱ्याला एका लहानशा पुलाने जोडलेलं. बांधलं पोर्तुगिजांना एका जागी ठेवायला. त्यांना देशाबाहेर घालवल्यावर १६४१ मध्ये इथे डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आली, आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षं युरोपशी जपानचा व्यापार इथूनच चालला.

१६४३ मध्ये या वखारीत कंपनीचा एक तरुण नोकर येऊन गेला. नाव यान फान रीबेक.

[केप टाउन. टेबल माउंटन, खाली बंदर.]

एप्रिल १६५२. तोच फान रीबेक इथे उतरला. काम साधं होतं : येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजी आणि मांस पुरवायचं. त्याच्या माणसांची डच भाषा इथल्या खोइ लोकांच्या तोंडी गेली. मलाय बेटं, मादागास्कर आणि हिंदुस्थानातून धरून आणलेल्या गुलामांच्याही तोंडी गेली. तिचे प्रत्यय झडले, लिंगं गळाली, आणि आफ्रिकान्स तयार झाली. ‘पुष्कळ’ला आफ्रिकान्समध्ये ‘बाया’ म्हणतात. हा शब्द डच नाही, तो मलाय ‘बान्याक’वरून आलेला आहे.

जपानमध्ये मात्र डच शिकले ते वखारीचे दुभाषे आणि मूठभर वैद्य. तिथे भाषा रुजली नाही, शब्द राहिले. बीरु म्हणजे बिअर, गारासु म्हणजे काच, बुरिकि म्हणजे पत्रा. केपमध्ये पत्र्याला आजही ‘ब्लिक’ म्हणतात. तोच शब्द.

[टेबलावर कार्डं. हात एकेक शब्द सरकवतात.]

‘मी पाव खाल्ला नाही.’

जपानीत : वाताशि वा, पान ओ, ताबेनाकात्ता. वाताशि म्हणजे मी. ‘वा’ सांगतो की बोलणं कशाबद्दल चाललंय. पान म्हणजे पाव, ‘ओ’ हा कर्माचा प्रत्यय, आणि क्रियापद शेवटी. मराठी कानाला हा क्रम घरचा वाटतो. शब्दसुद्धा ओळखीचाच आहे : पोर्तुगिजांनी आपल्याकडे जो पाव आणला, तोच जपानला जाऊन ‘पान’ झाला.

आफ्रिकान्समध्ये : एक हेट नी दि ब्रूट खेइट नी. इथे ‘एक’ म्हणजे मी. मराठी माणूस पहिल्याच शब्दाला अडखळतो. आता ‘नी’ मोजा. दोन आहेत. पहिला नकार देतो, दुसरा वाक्याला झाकण लावतो. आपण ‘नाही’ एकदाच म्हणतो, म्हणून शिकणारा हा शेवटचा ‘नी’ हमखास विसरतो. मग नियम पाठ झाला की उलटी चूक होते, जिथे एकच हवा तिथेही दोन पडतात. ‘एक वेट नी’ म्हणजे मला माहीत नाही. इथे पहिलाच ‘नी’ वाक्याच्या टोकाला आहे, तेव्हा दुसरा लावायचा नाही. पण ‘तो येतो का ते मला माहीत नाही’ म्हणायचं असेल, तर दुसरा ‘नी’ उपवाक्य संपल्यावर, अगदी शेवटी येतो.

जपानी क्रियापदाची गंमत वेगळी. कार्डं जोडत जा. ताबे, खा. सासे, खायला लावणं. रारे, ते आपल्यावर होणं. ताकु, इच्छा. नाकात्ता, नव्हती. ताबेसासेरारेताकुनाकात्ता : ‘मला बळेच खायला लावलेलं नको होतं.’ सगळं एका दमात.

खातो, खातेस, खातात हा आपला व्याप मात्र दोघींकडे नाही. मी असो, तू असो, ते असोत, क्रियापद तेच. लिपीचं म्हणाल तर आफ्रिकान्सला सव्वीस रोमन अक्षरं पुरतात. जपानीला दोन उच्चारलिप्या, हिरागाना ४६ आणि काताकाना ४६ अक्षरांची, आणि वर रोजच्या वापराच्या २,१३६ कान्जी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थचिन्हं.

[जुनं पुस्तक. लाकडी ठशांनी छापलेली पानं, शरीराच्या आकृत्या. सावकाश.]

या पानांवर जरा थांबू.

४ मार्च १७७१. एदो, म्हणजे आजचं तोक्यो. कोझुकाप्पाराच्या वधस्थानावर शवविच्छेदन पाहायला सुगिता गेन्पाकु आणि माएनो र्‍योताकु हे वैद्य उभे आहेत, हातात डच शरीरशास्त्राचं पुस्तक. समोरचं शरीर आणि पुस्तकातली चित्रं तंतोतंत जुळली. दुसऱ्याच दिवशी भाषांतराला बसले. सुगिताला तेव्हा डच मुळाक्षरंही येत नव्हती, माएनोला काहीशे शब्द येत असतील. १७७४ मध्ये ‘काइताइ शिन्शो’ छापून झालं.

शब्द नसतील तिथे काय करायचं, हे त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. तीन वाटा. जपानीत शब्द असेल तर तोच घ्यायचा, हाडाला हाड. शब्द नसेल पण अर्थ कळत असेल, तर अर्थावरून घडवायचा. डचमध्ये कूर्चेला म्हणतात ‘क्राकबेन’, कुरकुरतं हाड. त्यावरून त्यांनी केलं ‘नान्कोत्सु’, मऊ हाड. आणि काहीच सुचत नसेल, तर उच्चार तसाच ठेवायचा. ग्रंथीला डच शब्द ‘क्लीर’, तो त्यांनी ‘किरीइरु’ म्हणून ठेवून दिला.

पण ठेवून दिला म्हणजे सोडून दिला नाही. पुढच्या पिढीतल्या उदागावा गेन्शिनने ग्रंथीसाठी नवी कान्जीच तयार केली.

[ब्रश. एक एक फराटा.]

डावीकडे मांस. उजवीकडे झरा. मांसातला झरा. उच्चार ‘सेन’. आज जपानमधला प्रत्येक डॉक्टर हेच चिन्ह लिहितो.

[शाळेची भिंत. मूलद्रव्यांचे दोन तक्ते शेजारी शेजारी.]

गेन्शिनचा दत्तक मुलगा उदागावा योआन. १८३७ पासून त्याने रसायनशास्त्राचा मोठा ग्रंथ छापायला घेतला. डच ‘वाटरस्टॉफ’, म्हणजे पाण्याचं द्रव्य. त्याचं झालं ‘सुइसो’, पाण्याचं मूळ. तो हायड्रोजन. नायट्रोजन, ‘स्टिकस्टॉफ’, गुदमरवणारं द्रव्य. जपानीत ‘चिस्सो’, अर्थ तोच. ऑक्सिजन, आंबट द्रव्य. ‘सान्सो’, आम्लाचं मूळ. यात एक चूकही आली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा समज नावात शिरला, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तर ऑक्सिजन नसतोच. कोणाचं अडलं नाही. शब्द चालतोय.

आता उजवीकडचा तक्ता बघा, आफ्रिकान्सचा : वाटरस्टॉफ, स्टिकस्टॉफ, स्यूरस्टॉफ. कूर्चा? क्राकबीन. केपमध्ये हे शब्द वारशाने आले, जपानने ते घडवले. वर्गातल्या मुलाला मात्र दोन्हीकडे नाव ऐकूनच पदार्थ कळतो. आपल्याकडेही प्राणवायू आहे, नत्र आहे. प्रयोगशाळेत कोणी म्हणत नाही, एवढंच.

[बो-काप, केप टाउन. रंगीत घरं. मग अरबी लिपीतलं पान.]

हे अरबी नाही, आफ्रिकान्स आहे. केपच्या मुसलमानांनी ती अरबी अक्षरांत लिहिली, मदरशांत शिकवली. अबू बक्र एफेन्दी या धर्मपंडिताचं असंच लिहिलेलं ‘बयान-उद-दीन’ १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७५ मध्ये, पार्ल गावात गोऱ्यांनी ‘खऱ्या आफ्रिकानर लोकांची संस्था’ काढली आणि भाषेवर आपला हक्क सांगितला. १९२५ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेची राजभाषा झाली.

[पार्ल. भाषेचं स्मारक, ५७ मीटरचा सुळका, संध्याकाळ.]

हे स्मारक १० ऑक्टोबर १९७५ ला खुलं झालं. आठ महिन्यांनी, १६ जून १९७६ ला, निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकायच्या सक्तीविरुद्ध जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या.

[लिफ्टचं दार. केप टाउन. दार बंद होतं. उघडतं तेव्हा तोक्यो.]

आता गाडी उलटी फिरली आहे. तोक्योत लिफ्टला म्हणतात ‘एरेबेएताआ’, इंग्रजी शब्द काताकानात. केप टाउनमध्ये ‘हेइसबाक’ : वर उचलणारी पेटी. संगणक तिथे ‘रीकनार’, हिशेब करणारा, जपानमध्ये ‘कोन्प्यूताआ’.

[तिसऱ्यांदा दार उघडतं. मुंबई. सरकारी कचेरी.]

पाटीवर लिहिलंय ‘उद्वाहन’. रांगेतला माणूस विचारतोय, लिफ्ट चालू आहे ना?