भिंतीआधी अक्षर

सहावी ते आठवीच्या मुलांना ग्राफिटी, म्हणजे भिंतीवरची अक्षरकला, शिकवायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण हा गुन्हा आहे ना?" तो टाळू नका. न विचारता दुसऱ्याच्या भिंतीवर रंग लावला, तर चित्र कितीही देखणं असो, उत्तर 'हो' असंच आहे. हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं की पुढचं मोकळेपणाने बोलता येतं.

बहुतेक शाळांत हा पाठ थेट रंगाच्या डब्यापासून सुरू होतो आणि भिंतीवर झाडं, पृथ्वीचा गोल आणि एक घोषवाक्य उमटतं. ते भित्तिचित्र झालं, ग्राफिटी नव्हे. ग्राफिटीचा जीव अक्षरात असतो. न्यूयॉर्कमधल्या 'टाकी १८३' या सहीवर १९७१ साली तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रात बातमी आली, आणि ती सही म्हणजे काय होतं? एका पोराच्या नावाचं लाडकं रूप आणि तो राहायचा त्या रस्त्याचा क्रमांक. बस. अशा सहीला टॅग म्हणतात.

म्हणून पहिल्या तासाला फक्त मार्कर आणि रद्दी कागद. तीन-चार अक्षरांचं टोपणनाव वीस वेळा, एका दमात लिहायचं. देवनागरीत शिरोरेखेसाठी हात उचलावाच लागतो, तर ती शेवटी ओढू द्या आणि शेपटीसारखी शब्दाबाहेर पळू द्या. दहाव्या-बाराव्या वेळेपर्यंत मुलं सुवाच्य लिहीत राहतात. वळण त्यानंतर सापडतं. पाच वेळांवर थांबवलंत तर हाती शुद्धलेखनाची वही येईल.

फुगीर अक्षरांना एक तास पुरतो. आधी पेन्सिलीने अक्षराचा सांगाडा, मग त्याच्याभोवती सगळीकडून एक सेंटिमीटर सोडून बाह्यरेषा, मग सांगाडा खोडायचा. मुलं घाईने थेट बाह्यरेषा काढतात आणि वेलांट्या एकमेकींवर चढतात. कागदाचा वरचा एक तृतीयांश भाग मात्रा-वेलांट्यांसाठी मोकळा ठेवायला सांगा.

खरी मजा स्टेन्सिलमध्ये, म्हणजे कागदातून अक्षर कापून त्या भोकातून रंग छापण्यात आहे, आणि खरी फजितीही तिथेच. 'पवन' हा शब्द घ्या. अक्षरं कापून काढली की 'प'चं पोट, म्हणजे आतली बंद जागा, आणि 'व'चं पोट गळून पडतं, कारण त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही. तिथे पोटाला बाकी कागदाशी जोडणारी न कापलेली पट्टी, म्हणजे पूल, ठेवावा लागतो. 'प', 'म', 'स' यांचं पोट वरून शिरोरेखेने बंद होतं, म्हणून त्यांचा पूल शिरोरेखेतूनच काढावा. रेघ जराशी तुटली तरी वाचताना अडत नाही. 'व'चं पोट मात्र त्याच्या स्वतःच्या वळणात असतं, तिथे शिरोरेखा तोडून काही उपयोग नाही. पूल डावीकडच्या गोलाईतच हवा. 'न'ला पूल लागतच नाही. कापण्याआधी एक परीक्षा घ्या: कापायचा भाग पेन्सिलीने काळा करायचा आणि प्रत्येक पांढऱ्या जागेवरून, काळ्याला न शिवता, बोट कागदाच्या कडेपर्यंत नेऊन पाहायचं. बोट अडलं तिथे पूल हवा.

कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), अक्षर किमान सहा सेंटिमीटर उंच, पूल चार-पाच मिलिमीटर रुंद. त्याहून बारीक पूल रंगाने भिजून दुसऱ्या-तिसऱ्या छाप्याला फाटतो. आतले छोटे आकार आधी कापा, मोठे नंतर. उलट केलंत तर कागद लुळा पडतो. कटर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचा, आणि वळणावर हात नाही, कागद फिरवायचा. एका वेळी चारच मुलांच्या हाती कटर द्या, तेही तुम्ही शेजारी उभे असताना.

रंग अ‍ॅक्रिलिक, पाणी न घालता. स्पंज आधी रद्दीवर टेकवून जवळजवळ कोरडा करायचा आणि सरळ वरून थापायचा. पुसल्यासारखा फिरवला की रंग कडेखाली शिरतो आणि अक्षराला मिशा फुटतात.

स्प्रेचे डबे या वयात देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. धुळीचा साधा मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. भिंतीवरची घाई अनुभवायला द्यायची असेल तर काळा कागद आणि पांढरा खडू पुरे. कीथ हेरिंग या अमेरिकन चित्रकाराने १९८० ते १९८५ दरम्यान न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत, जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवरच्या काळ्या कागदावर असंच काम केलं. मुलांना पाच मिनिटं द्या, खोडणं बंद.

चर्चेसाठी 'फाइव्ह पॉइंट्झ' घ्या. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या या इमारतीवर कलाकार मालकाच्या परवानगीने रंगवत. नोव्हेंबर २०१३मध्ये मालकाने एका रात्रीत चित्रांवर पांढरा रंग फासला. त्याला तिथे निवासी इमारती उभारायच्या होत्या. अर्धा वर्ग मालक, अर्धा कलाकार, आणि दहा मिनिटांनी बाजू बदला. २०१८मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर भरपाई दिली, हे अगदी शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर सगळे कलाकारांच्या बाजूला जाऊन बसतात आणि वाद तिथेच संपतो.

मग शाळेच्या भिंतीसाठी परवानगीचं पत्र मुलांकडूनच लिहून घ्या. त्यात भिंतीची मापं हवीत, चित्र किती महिने राहणार ते हवं, आणि मुदत संपल्यावर त्यावर पांढऱ्या रंगाचा हात कोण मारणार, त्याचं नावही हवं.