चुकलेल्या गोळीनंतरची वीस सेकंदं

नमस्कार श्रोतेहो. शालेय स्पर्धा जवळ आल्या, की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "टेन्शन घेऊ नकोस हं!" हे ऐकून टेन्शन गेलं असं एक तरी पोर दाखवा. उलट त्याला कळतं, की आईबाबांनाही ते आलंय. म्हणून आज एकच गोष्ट सांगते. मुलाची भीती घालवायला जाऊ नका. भीती वाटत असताना काय करायचं, ते त्याला शिकवा.

आता स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. 2009 साली वडिलांनी राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातला, तिथे त्यानं नेमबाजी धरली. त्याचं ऑलिंपिक पदक तुम्हाला ठाऊक आहेच, पण मला आवडते ती त्याच्या आधीची हकीकत. 2023, चीनमधलं हांगझोऊ, आशियाई स्पर्धा. प्रकार 50 मीटर थ्री पोझिशन. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, शेवटी उभ्यानं. लक्ष्यातला दहाचा गोल केवढा? 10.4 मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा, आणि तो पन्नास मीटर लांब! उभ्यानं नेम धरताना रायफलीला जमिनीचा आधार नसतो, छातीतला ठोका नळीच्या टोकापर्यंत जाणवतो. अंतिम फेरीत स्वप्नील पुढे होता. पदक दिसत होतं. आणि उभ्याच्या टप्प्यात एक गोळी गेली 7.6 वर.

सात पूर्णांक सहा. या पातळीवर नऊ काही आलं तरी चुकचुकतात. त्या एका गोळीनं तो घसरला आणि चौथा आला. सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक पदक हातातून गेलं.

दहा महिन्यांनी, 1 ऑगस्ट 2024 ला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर तोच प्रकार, तीच अंतिम फेरी. पात्रता फेरीत 590 गुण आणि सातवा क्रमांक. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून झाल्यावर सहावा, पालथं पडून झाल्यावर पाचवा. आणि पुढे कोणता टप्पा? तोच, उभ्याचा. सामना संपल्यावर त्यानं पत्रकारांना सांगितलं, की पोटात अन्न नव्हतं, नुसता काळा चहा घेतला होता. ठोके जोरात पडत होते. श्वासावर ताबा ठेवला, वेगळं काही करायला गेलो नाही, गुणफलकाकडे पाहिलं नाही. 451.4 गुण आणि कांस्य. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यानंतर ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक आणणारा महाराष्ट्राचा दुसरा खेळाडू, बहात्तर वर्षांनी! (उपाशीपोटी खेळायचा कित्ता मात्र गिरवू नका. मुलाला दोन-अडीच तास आधी दहीभात, केळं असं हलकं द्या. घाबरलं की पचन मंदावतं, मग वडापाव पोटात दगडासारखा बसतो.)

बघा, ठोके त्याचेही जोरात पडत होते. भीती गेलेली नव्हती. करायचं काम मात्र ठरलेलं होतं.

चूक झाली की शरीरात काय होतं? श्वास वर छातीत अडकतो, खांदे कानांकडे चढतात, हाताची पकड आवळते. आणि मूल घाई करतं, कारण त्याला ती चूक लगेच पुसून टाकायची असते. म्हणून एका चुकीमागे दुसरी येते. कबड्डी, कुस्तीत थोडी धडधड उपयोगीच पडते, नेमबाजी, धनुर्विद्येत तीच नडते. पण घाई सगळीकडेच घात करते.

त्यासाठी वीस-पंचवीस सेकंदांचं काम. चूक झाली, की आधी नजर एका ठरलेल्या जागी. बुटाची नाडी, रॅकेटची जाळी, काहीही चालेल. मग नाकानं चार आकड्यांत श्वास आत, तोंडानं सहा आकड्यांत बाहेर, असं दोनदा. बाहेरचा श्वास लांबच हवा, ठोका त्यानंच उतरतो. मग खांदे खाली सोडायचे आणि मनात एकच शब्द म्हणायचा, पुढच्या कृतीचा. "गुडघा", "मनगट", असा. "चुकू नको" म्हणायचं नाही, कारण मन चुकीलाच धरून बसतं.

हे सामन्याच्या दिवशी शिकवलं तर हमखास फसतं. तीन-चार आठवडे आधी, सरावाच्या शेवटी, मूल दमलेलं असताना, बाकीच्या मुलांना आरडाओरडा करायला लावून एकच निर्णायक सर्व्हिस किंवा फेक घ्यायला लावा. रोज पाच वेळा पुरे. चुकली, की वीस सेकंदांचं काम, मग पुढची.

आणि पालकहो, कुंपणाला टेकून मोबाईलवर शूटिंग करत "अरे वाकून खेळ!" ओरडणं बंद करा. दर चुकीनंतर पोर तुमच्या तोंडाकडे बघू लागलं, की त्याचं लक्ष खेळातून गेलंच म्हणून समजा. दहावीच्या वाढीव गुणांसाठी पोरांना मैदानात ढकलणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही, नाहीतर कार्यक्रम इथेच संपायचा. हरून घरी येताना गाडीवर पहिला अर्धा तास सामन्याची चिरफाड नको. "भूक लागली का?" एवढंच विचारा. बाकीचं ते स्वतःहून बोलेल, नाहीतर उद्या बोलेल.

एक मात्र वेगळं ओळखा. दोन आठवडे झोप नाही, सरावाच्याच दिवशी पोट दुखतं, आवडता खेळ नकोसा झालाय, मित्रांशी बोलणं तुटलंय. इथे श्वासाचे आकडे पुरणार नाहीत. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. कागद-पेन घ्या, नंबर सांगते. एक चार चार एक सहा. पुन्हा एकदा, 14416.