नवी हातोडी आधी घासून घ्या

हं, ही हातोडी जरा पुढे पास करा आणि तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवून बघा. टोचतंय ना? दुकानातून आणली तशीच ठेवलीय. मी सुरुवातीला अशीच आणून डायरेक्ट लाल लोखंडावर चालवली, हात जरा तिरका पडला की पट्टीवर चंद्रकोर उमटायची, पुढच्या घावाला ती मिटली असं वाटायचं पण मिटत बिटत काही नव्हती, दुमडून आत जात होती, आणि मग चाकूला पाणी देताना, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून कडक करताना, तो नेमका तिथंच तडकला. दोन दिवसांचं काम गेलं, आणि मी आठवडाभर स्टीललाच शिव्या घालतोय.

तर आधी कडा मोडायच्या. ग्राइंडरवर फिरवत फिरवत गोल करत न्यायचं, मधला भाग अगदी किंचित फुगीर, म्हणजे वर पट्टी धरली तर दोन्ही टोकांखालून कागद सरकेल एवढाच. एक-दोन सेकंद टेकवली की पाण्यात बुडवा. तोंड निळं पडलं म्हणजे ३०० डिग्रीच्या आसपास गेलं, टेम्पर म्हणजे तोंडाचा कडकपणा उतरला, मग खळगे पडणारच. नीट जमलंय का बघायला मी कणकेच्या गोळ्यावर एक ठोका मारतो. घरचे हसतात, हसू देत. ठसा वाटीसारखा उतरला तर ओके, कड दिसली तर परत ग्राइंडर.

मागच्या चोचीला, म्हणजे तोंडाच्या उलट बाजूच्या निमुळत्या टोकाला पण हेच, धार नको. आणि चोचीचं काम कळायला लाटणं आठवा, लाटणं आडवं धरलं की पोळी पुढेमागे वाढते, बाजूला नाही. लोखंड तसंच सरकतं.

वजन सगळे आधी विचारतात. ८०० ग्रॅम ते १ किलो, बास. दोन किलोवाली घेऊन फोटो भारी येतो, पण पंधराव्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं.

आता पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांकडे गेलात तर तिथली मठारायची, म्हणजे भांड्यावर ठोके उमटवायची हातोडी बघा. तोंड आरशासारखं. कारण तांबं थंडच ठोकतात, तोंडावर एक ओरखडा असला की प्रत्येक ठोक्याला तो भांड्यावर छापला जातो. आमच्यासारखं नंतर फाइल मारून लपवता येत नाही. ठोकून ठोकून तांबं कडक झालं की लाल करून मऊ करायचं, आणि ते लगेच पाण्यात टाकलं तरी चालतं. चाकूच्या स्टीलला तसं करा, काच होते त्याची!

दांड्याला बाभूळ चालते, फक्त लाकडाच्या रेषा ठोक्याच्या दिशेत... ओ मागच्या रांगेत, त्या दोन हातोड्या एकमेकींवर आपटू नका, टणकावर टणक बसलं की कपची उडते, सरळ डोळ्यात जाते. द्या त्या इकडे.