चित्र पानात कुठं बसतं?

(दृश्य : दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी, पुस्तकांचे स्टॉल.)

दीक्षाभूमीवर आलेला माणूस घरी जाताना पुस्तक घेऊन जातो. बाबासाहेबांचे ग्रंथ, धम्मपद, आणि पोरांसाठी जातककथा. माकड, हत्ती, ससा, सगळे रंगीत. ज्या लेकराला अजून अक्षरओळख नाही, तेही पान उलटून गोष्ट कुठवर आली ते सांगतं. पुस्तकातल्या चित्राचं कामच हे, असं आपण धरून चालतो. पण हजार वर्षांपूर्वीची बौद्ध पोथी उघडली की ही समजूत डळमळते.

(दृश्य : ताडपत्रावरच्या चित्राचा जवळून फोटो.)

भारतातल्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र पोथ्या इ.स. १००० च्या आसपासच्या. पाल राजांच्या काळातल्या, बिहार-बंगालच्या. ग्रंथ बहुतेक वेळा एकच, ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ हा महायान बौद्ध ग्रंथ. त्यात चर्चा शून्यतेची, म्हणजे कशालाच स्वतःचं असं कायमचं अस्तित्व नाही या विचाराची. तिचं चित्र काढणार कसं? चित्रकारानं काढलं ते वेगळंच: बुद्धाचा जन्म, बुद्धानं शांत केलेला पिसाळलेला नालागिरी हत्ती, मध अर्पण करणारं माकड, महापरिनिर्वाण. शेजारच्या ओळींशी या चित्रांचा संबंध नाही. पोथी पूजेची होती. चित्रानं तिला पावित्र्य आणायचं, दात्याच्या पदरी पुण्य टाकायचं. वाचणाऱ्याला मदत करणं हे त्याचं काम नव्हतंच.

जागाही केवढीशी! ताडपत्राची रुंदी जेमतेम पाच-सात सेंटिमीटर. लेखक आधी लिहायचा, चित्रासाठी चौकोन कोरा सोडायचा. जैन पोथ्यांच्या समासात कधी कधी चित्रकारासाठी लिहिलेली बारीक सूचना सापडते. मला खुद्द चित्रापेक्षा या सूचना जास्त आवडतात. दोन कारागिरांमधलं बोलणं आहे ते, आपल्यासाठी नव्हतंच.

पुढे कागद आला, तरी पोथी आडवीच राहिली. ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवत, कागदाला त्याची गरज संपली, पण भोकाच्या जागी लाल किंवा सोनेरी गोल काढायची रीत टिकली. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, लाजवर्दाचा निळा. माणसं बाजूनं दिसणारी, आणि परला डोळा गालाच्या रेषेबाहेर काढलेला.

(दृश्य : कारंजा लाड. गावातला रस्ता, जैन मंदिराचं दार.)

या परंपरेचा आपल्या विदर्भातला पत्ता म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं कारंजा. इथले ग्रंथभांडार दिगंबरांचे. म्हणून सचित्र जैन पोथी म्हटलं की आठवणारं कल्पसूत्र इथं शोधू नये, ते श्वेतांबरांचं. दिगंबरांकडे चित्रकारांची आवडती गोष्ट होती यशोधराची.

गोष्ट अशी. यशोधर राजाला वाईट स्वप्न पडतं. आई म्हणते, देवीला बळी दे. राजाला हिंसा नको, म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापतात. कोंबडा पिठाचा असला तरी मारायचा भाव खरा होता. पुढे राणीच्या हातून राजा आणि त्याची आई, दोघांनाही विष मिळतं, आणि मायलेक जन्मामागून जन्म घेत राहतात. कधी मोर आणि कुत्रा, तर कधी खरोखरचे कोंबडे. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या या गोष्टीच्या सचित्र पोथ्या प्रसिद्ध आहेत. पुष्पदंताचं अपभ्रंश भाषेतलं ‘जसहरचरिउ’ १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत छापून आलं. विष देणारी राणी, प्राणी झालेला राजा. परीकथेच्या चित्रकाराला याहून काय हवं?

(दृश्य : छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे हात. लाकडी ठसा.)

युरोपातही हस्तलिखितांची गत फार वेगळी नव्हती. वासराच्या कातड्यावर लिहिलेलं, इ.स. ८०० च्या सुमाराचं ‘बुक ऑफ केल्स’ हे बायबलातल्या शुभवर्तमानांचं हस्तलिखित आज डब्लिनमध्ये आहे. अक्षरंच चित्रं झालेली, वाचायला अवघड, बघायला अपार. मग छपाई आली आणि चित्र कुठं बसणार हे यंत्र ठरवू लागलं.

लाकडी ठशात रेष उठावाची, शिशाच्या खिळ्यासारखी. त्यामुळे दोन्हींना एकदम शाई लागते, चित्र मजकुराशेजारी बसतं. जर्मनीत १४९३ साली छापलेल्या न्यूरेंबर्गच्या इतिवृत्तात, म्हणजे जगाच्या इतिहासाच्या पुस्तकात, १८०० हून जास्त चित्रं आहेत आणि ठसे फक्त ६४५. म्हणजे एकच शहर वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा छापलंय! तांब्याच्या पत्र्याचं उलटं. तिथं शाई खाचेत बसते, दाबयंत्र वेगळं लागतं, म्हणून चित्र वेगळ्या पानावर जातं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या थॉमस ब्यूइकनं बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर बारीक कोरीवकाम करून चित्राला पुन्हा मजकुरात आणलं.

परीकथांना चित्रं उशिराच मिळाली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत कथांना चित्रं नव्हती. ते काम विद्वानांचं होतं. १८२३ मध्ये लंडनला जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह इंग्रजी भाषांतर निघालं, आणि ते खपलं. ते पाहून ग्रिम बंधूंनी १८२५ मध्ये पन्नास निवडक कथांची लहान आवृत्ती काढली, चित्रं धाकटा भाऊ लुडविगची. गोष्टी मुलांच्या हाती गेल्या त्या अशा. त्यात चित्रांचा वाटा मोठा आणि बाजाराचाही, हे मान्य करायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन रंगांची छपाई आली. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅमनं पाण्यासारख्या पातळ रंगांवर शाईची रेष कायम ठेवली. छपाईत रंगांच्या कडा धूसर झाल्या तरी आकार सुटत नसे. पण या छपाईला गुळगुळीत कागद लागायचा. म्हणून चित्र वेगळं छापून जाड पानावर चिकटवलेलं, वर पातळ कागदाचा पडदा. बघायला देखणं, पण गोष्टीपासून पुन्हा तुटलेलं. अशी महागडी पुस्तकं कुठल्या मुलानं हाताळली असतील, शंकाच आहे.

(दृश्य : नागपूरची सीताबर्डी. जुन्या पुस्तकांचं दुकान, ‘चांदोबा’चे अंक.)

आपल्याकडची मुलं हाताळायची तो ‘चांदोबा’. मराठीत १९५२ पासून. मद्रासला छापला जायचा, नागपूरच्या घराघरात यायचा. इथं चित्र मजकुराच्या अंगाला अंग लावून, जवळजवळ प्रत्येक पानावर. के. सी. शिवशंकरन, म्हणजे चित्राखाली सही करणारे ‘शंकर’, यांची रेष घट्ट, दागिना न् दागिना मोजून काढलेली. विक्रम-वेताळच्या सुरुवातीचं चित्र त्यांचंच: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. वर्षानुवर्षं, महिन्यामागून महिना तेच. न्यूरेंबर्गच्या छापखान्यानं ठसा पुन्हा वापरला तो काटकसरीपायी. इथं मात्र चित्र बदललं असतं तर पोरांनीच तक्रार केली असती.