गिरणीतलं लेकरू आणि कानाचं मशीन

(गिरणी चालू आहे. पट्ट्याचा आवाज हळूहळू कमी होतो आणि निवेदन सुरू.)

बार्शी तालुक्यातलं एक गाव. ही पिठाची गिरणी आणि गिरणीला लागूनच यांचं घर, मधे फक्त एक भिंत. गिरणी चालू असताना इथं फोनवर बोलून दाखवावं कुणीही, जमणार नाही. अशा ठिकाणी एक तान्हं लेकरू दुपारभर गाढ झोपायचं, ज्वारीच्या पोत्यांशेजारी वाकळ टाकून, आणि दळणाला आलेल्या बाया कौतुक करायच्या, लई गुणाचं पोरगं हाय बघा, कुठंबी टाका झोपतंय. आजी त्याची दृष्ट काढायची. घरात त्याला सगळे सोन्या म्हणतात, आपणही तेच म्हणू, खरं नाव सांगत नाही.

जन्मला तेव्हा सोन्याचे कान कुणी तपासले नव्हते. बाळाच्या कानात छोटं बोंडूक लावून काही मिनिटांत होणारी ओएई नावाची टेस्ट असते, दुखत नाही खुपत नाही, पण ती सगळीकडे होत नाही अजून. मग दीड वर्षाचा झाला तरी आई नाही, बाबा नाही, नुसता हसायचा आणि बोट दाखवायचा. आजोबा म्हणाले याचा बाप पण उशिराच बोलला, आमच्यात असंच असतं. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, मारुतीला तेल वाहून झालं. आईला आतून कळत होतं पण घरात बोलायची सोय नव्हती.

कळलं ते अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून आहे, 2013 साली त्याची सुरुवात आपल्या पालघरलाच झाली होती, त्याची डॉक्टरांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येते. त्यातल्या मॅडमनी सोन्याच्या पाठीमागे उभं राहून खुळखुळा वाजवला. मग टाळी वाजवली. मग स्टीलच्या ताटावर चमचा. बाकीची पोरं वळून वळून बघतायत आणि हा आपला समोरच्या चेंडूत गुंग. मॅडमनी लगेच चिठ्ठी दिली.

जिल्ह्याच्या ठिकाणी बेरा टेस्ट झाली. डोक्याला वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतंय ते मशीनवर बघतात, त्यासाठी मूल झोपलेलं पाहिजे. गिरणीत झोपणारं पोरगं त्या दिवशी झोपेचं औषध पाजूनही झोपायला तयार नाही! रिपोर्ट आला, दोन्ही कानांना 90 डेसिबललाही, म्हणजे खूप मोठ्या आवाजालाही, प्रतिसाद नाही. डॉक्टरांनी विचारलं नात्यात लग्न झालंय का. झालंय, मामाचीच मुलगी केलीय. झालं, सगळ्यांच्या नजरा सुनेकडे. आता अशा केसमध्ये जनुक आलाच असेल तर बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, तेव्हा मूल बहिरं होतं, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पण ते ऐकायला आजी आत आलीच नव्हती.

आधी काही महिने साधं मशीन लावून बघितलं, म्हणजे कानामागचं हिअरिंग एड. फायदा नाही. साधं मशीन आवाज मोठा करतं, पण आतल्या कानातल्या आवाज पकडणाऱ्या पेशीच काम करत नसतील तर आवाज कितीही मोठा करा, पोचणार कुठं? मग कॉक्लिअर इम्प्लांट. वाटाण्याएवढा अडीच वेढ्यांचा आतला कान असतो, त्यात एक बारीक तार सरकवतात, तारेवर कंपनीप्रमाणे 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात आणि ते थेट ऐकण्याच्या नसेला करंट देतात. चांगल्या कानात या कामाला हजारोंनी पेशी असतात, इथं फार तर 22. तेवढ्यावर मेंदू भाषा शिकतो, पण लहान वयातच. 5-6 वर्षांनंतर मेंदूतली ती जागा दुसऱ्या कामाला लागलेली असते, म्हणून सगळी घाई.

खर्च लाखांत. केंद्र सरकारची दिव्यांगांना साधनं देणारी एडिप योजना आहे, तिच्यात 2014 पासून 5 वर्षांच्या आतल्या मुलांना हे इम्प्लांट मिळतं, उत्पन्नाची अट आहे, आणि त्याचं काम मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते. दाखले, उत्पन्नाचा, रहिवासी, दिव्यांगाचं सर्टिफिकेट, प्रत्येकाची वेगळी खिडकी आणि प्रत्येक खिडकीवर उद्या या. वडलांनी गिरणी बंद ठेवून हे सगळं केलं आणि गावात दळणं दुसरीकडे जायला लागली. तोवर सीटी स्कॅन, एमआरआय, आणि न्यूमोनियाची म्हणतात ती लस, कारण इम्प्लांटनंतर मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो.

(पुणे. हॉस्पिटलचा पॅसेज.)

ऑपरेशनची सकाळ. ऑपरेशन किती तास, टाके किती, याबद्दल आईला काहीच आठवत नाही. तिला आठवतो तो उपास. भूल द्यायची म्हणून पहाटेपासून दूध बंद. सोन्याला भूक लागलेली, तो बाटली दाखवतोय, पदर ओढतोय, आईच्या गालावर चापट मारतोय. ऐकणाऱ्या लेकराला काहीतरी सांगता येतं, थांब बाळा, डॉक्टरकाका आले की देते. याला काय सांगणार? त्याच्या हिशोबानं आई समोर बसलीय, पिशवीत दूध आहे आणि ती देत नाहीये. शेवटी मावशीनं पिशवी खाली गाडीत नेऊन ठेवली.

मग कानामागचे केस काढले. आजी म्हणाली निम्मं डोकं कशाला, सगळंच काढा, बरं दिसत नाही! आत कानामागे चीर देऊन हाड ड्रिल करतात, तिथूनच चेहऱ्याची नस जाते म्हणून तिच्यावर मॉनिटर लावलेला असतो, आणि तार बसली की टेबलावरच ऐकण्याची नस प्रतिसाद देतेय का ते कॉम्प्युटरवर बघून घेतात. सोन्याच्या नसेनं प्रतिसाद दिला. सर्जन बाहेर येऊन एवढंच म्हणाले, चांगलं झालंय, खरं काम आता तुमचं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी स्विच ऑन, म्हणजे जखम भरली की बाहेरचं मशीन, माईक असलेलं आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारं, जोडून चालू करतात. स्विच ऑनचे व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर बघितले असतील, बाळ आवाज ऐकतं, डोळे मोठे होतात, हसतं, मागे संगीत. आमच्याकडेही शूटिंग आहे. त्यात सोन्या भोकाड पसरतो आणि डोक्यावरचं मशीन ओढून फेकतो. पुष्कळ मुलं हेच करतात. ज्यानं आयुष्यात कधी काही ऐकलं नाही त्याला एकदम आत काहीतरी टोचतंय, ते आवाज आहे हे त्याला कोण सांगणार? गोड व्हिडिओच तेवढे फिरतात आणि मग बाकीच्या आईबापांना वाटतं आपलंच ऑपरेशन फेल गेलं.

मग सुरू झाली थेरपी, म्हणजे ऐकायला आणि बोलायला शिकवणं. आठवड्याला एसटीनं बार्शीला जायचं, तिथल्या थेरपीच्या मॅडम शिकवतात ते घरी रोज करायचं. नियम एकच, आधी ऐकवायचं मग दाखवायचं. वाटी पाठीमागे धरून म्हणायचं वाटी, वाटी, वाटीत वरण, आणि मगच वाटी पुढं आणायची. दिवसभर बोलत राहायचं. शेजारची म्हणाली, ही एकटीच बडबडती, पोराच्या टेन्शननी डोकं फिरलं का काय.

आणि थेरपीला पहिली अट, शांत खोली! भिंतीपलीकडे गिरणी. इम्प्लांटवाल्या मुलाला गोंगाटात शब्द वेगळा काढणं अवघड जातं, आणि गिरणी बंद ठेवली तर खायचं काय. त्यावर आईनं जे काढलं ते कुठल्या पुस्तकात नाही. ती लाईट जायची वाट बघायची. गावात भारनियमन, लाईट गेली की सगळे महावितरणला शिव्या घालतात, आणि ही हातातलं काम टाकून सोन्याला घेऊन बसायची. पट्टा थांबला की थेरपी सुरू.

रोज सकाळी मशीन लावलं की सहा आवाज तपासायचे असतात, आ, ऊ, ई, म, श, स. तोंडासमोर हात धरून म्हणायचे आणि ऐकलं की सोन्यानं डब्यात एक ठोकळा टाकायचा. एके दिवशी श आणि स ला ठोकळाच पडेना. बाकीच्याला पडतोय. बॅटरी बदलली, केबल बदलली, तेच. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या माईक बघा. माईकच्या जाळीत पीठ! गिरणीच्या घरात सगळीकडे पीठ असतं, कपड्यावर, भुवयांवर, ते बारीक पीठ जाळीत बसलं होतं आणि सगळ्यात आधी बारीक आवाज अडले होते. तेव्हापासून रोज मऊ ब्रशनं साफ, रात्री सुकवायच्या डबीत. गिरणीत जायचं तर वर कव्हर.

सोन्या आता जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला आहे. बोलतो, थोडं तुटक, ट आणि ड मध्ये गोंधळ होतो. बाईंनी पुढच्या बाकावर बसवलंय. पहिल्या दिवशी आईनं वर्गात जाऊन सगळ्या पोरांना मशीन दाखवलं, त्यातलं लोहचुंबक लोखंडी खिडकीला चिकटतं हे कळल्यावर तर सोन्याचा भाव एकदम वाढला. आणि रागावलं की पठ्ठ्या चुंबक काढून खिशात ठेवतो, बोला आता काय बोलायचं ते.

इम्प्लांट योजनेत झालं, पण पुढचं घरच्याच माथी. केबल तुटते, बॅटऱ्या संपतात, काही वर्षांनी बाहेरचं मशीनच नवं लागतं आणि त्याची किंमत ऐकून वडील गप्प झाले होते. गिरणीवर आता त्यांनी मिरची कांडप पण बसवलंय, घरापासून लांब, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मार्च ते मे त्याचा सीझन. ते सगळे पैसे मशीनच्या खात्याला जातात, त्याला घरात कुणीही हात लावायचा नाही, आजीनं देवीच्या जत्रेसाठी मागितले तरी नाही मिळाले.